वाचलेल्या वेळाचा जमाखर्च

मुंबईत चाकरी आणि कोकणात घर अशी ज्यांच्या संसाराची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या होत आलेली आहे, त्या कुटुंबांच्या इतिहासात राजेरजवाड्यांपेक्षा आगबोटींच्या फेऱ्या, घाटरस्त्यांची डागडुजी, टपालखात्याच्या मनीऑर्डरी आणि रेल्वेचे रूळ यांना मोठे स्थान आहे. कारण बाप मुलांना वर्षातून किती दिवस दिसणार, आईच्या आजारपणाची वार्ता मुलाला केव्हा कळणार, आणि नव्याने सासरी आलेली स्त्री नवऱ्यासमवेत राहणार की त्याच्या पत्रांसमवेत, या प्रश्नांचे निर्णय बहुधा या वाहनांनी आणि या खात्यांनीच केले. मी नोकरी करणारी आई आहे. बिऱ्हाड ठाण्यात, कचेरी मुंबईत, सासर कुडाळ तालुक्यात आणि मुले शाळेच्या वयाची, अशा स्थितीत यंत्रांनी माणसाला काय दिले हा प्रश्न माझ्यापुढे रोज सकाळी डबे भरताना उभा राहतो, आणि तो अगदी व्यवहारी स्वरूपात उभा राहतो. प्रत्येक नवे साधन वेळ वाचविते हे निर्विवाद आहे. परंतु वाचलेला तो वेळ कोणाच्या खात्यावर जमा व्हावा हे साधन ठरवीत नाही. ते कायदा ठरवितो, रूढी ठरविते, आणि जेथे या दोहोंचा हात पोहोचत नाही तेथे ते कुटुंबाला स्वतः ठरवावे लागते. या खतावणीची पाने आपण क्वचितच उघडून पाहतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रवास आणि कुटुंब यांचे नाते पूर्वी किती कठोर होते हे समजून घ्यावयाचे असेल, तर पेण तालुक्यातील वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाकडे पाहावे. बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार आहेत आणि तेथे दक्षिणा मिळेल, ही वार्ता ऐकून घरचे कर्ज फेडण्याच्या आशेने हा गृहस्थ १८५७ साली पायी उत्तर हिंदुस्थानात निघाला, बंडाच्या धामधुमीत सापडला, झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला, पुनःपुन्हा लुटला गेला, आणि अखेरीस आईबापांना स्नान घालण्यासाठी गंगेच्या पाण्याची कावड घेऊन घरी परतला. १९०७ साली भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी हा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि लोक तो आजही वाचतात ते मुख्यतः झाशीच्या हकिकतीसाठी. मला मात्र त्यातला संसारी माणूस अधिक भेटतो. तोही पोटासाठीच घराबाहेर पडलेला होता. आणि तो जिवंत आहे की नाही हे वरसईतील त्याच्या माणसांना दीर्घकाळ निश्चित कळण्याचा मार्ग नव्हता. आज माझी लोकलगाडी वाटेत थोडी रखडली तरी माझ्या मुलीच्या हातातील फोनवर त्याची वार्ता उमटते. या दोन स्थितींमधले अंतर ज्या माणसांनी कमी केले, त्यांच्याविषयी माझ्या मनात खरीखुरी कृतज्ञता आहे, आणि पुढे जे लिहावयाचे आहे ते त्या कृतज्ञतेला बाध न आणता लिहावयाचे आहे.

ठाण्याला रेल्वे आली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. हिंदुस्थानातील पहिली उतारूगाडी बोरीबंदरहून निघून आमच्याच गावी येऊन थांबली. दहा वर्षांत बोरघाट फोडून तो लोहमार्ग सह्याद्रीवर चढला आणि पुण्याचा रस्ता सुगम झाला. त्या घाटाचा मक्ता घेतलेला इंग्रज कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येताच अल्पावधीत मरण पावला, तेव्हा त्याची विधवा पत्नी ॲलिस हिने तो मक्ता सोडून न देता व्यवस्थापक नेमून काम पुरे करविले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत असावी असे मला वाटते. पण देशावर आगगाडी धावू लागली, कलकत्ता-मद्रासपर्यंत गेली, तरी मुंबईला मनुष्यबळ पुरविणारे दक्षिण कोकण जवळजवळ दीडशे वर्षे तिच्यावाचून राहिले. गिरण्यांत, गोदीत, टपालखात्यात आणि पोलिसात भरती झालेला कोकणी माणूस भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीत बसे आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत घेत गावी जाई. बहुतेक ठिकाणी बोट किनाऱ्याला लागत नसे. ती दूर उभी राही आणि बायकामुले, ट्रंका, वळकट्या पडावात उतरवून किनाऱ्यावर न्याव्या लागत. पावसाळ्यात हा लांबचा समुद्रमार्ग बंद असे. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिनाभरावर आलेले असताना, मुंबईजवळच्या रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, आणि गटारी अमावास्येचा तो दिवस तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील कित्येक घरांत अद्याप विसरलेला नाही. पुढल्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी, पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एस. टी. सुरू झाली आणि हळूहळू तिचे लाल डबे कोकणच्या वळणावळणांच्या रस्त्यांवर दिसू लागले.

या दीर्घ काळात कुटुंबाचे स्वरूप कसे होते याचा विचार करताना माझे मन वारंवार गावी राहिलेल्या स्त्रीपाशी थांबते. नवरा लालबाग-परळच्या खोलीत दहा गाववाल्यांसमवेत पाळीपाळीने झोपणार, खानावळीत जेवणार आणि महिन्याकाठी मनीऑर्डर धाडणार. इकडे ही बाई भातशेती, गुरे, सासूसासरे, मुलांची शाळा, देवाचे कुळाचार आणि सारा-फाळ्याच्या नोटिसा हे सर्व एकटीने पाहणार. १८८० साली टपालखात्याने सुरू केलेल्या मनीऑर्डरीवर कोकणातील गावेच्या गावे चालली. मनीऑर्डरीच्या फॉर्माला खाली संदेशासाठी चिंचोळी जागा असे. पुष्कळ घरांत बापाचा मुलांशी महिन्याभराचा संवाद तेवढ्या जागेत मावत असे, आणि तोही पोस्टमनने किंवा मास्तरांनी वाचून दाखवावयाचा. तार आली म्हणजे उघडण्यापूर्वीच घरात आकांत होई, कारण शुभवार्तेसाठी तारेचा खर्च सहसा कोणी करीत नसे. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या गिरणीसंपानंतर या मनीऑर्डरी आटल्या, माणसे गावी परतली, आणि ज्या घरांत बाप पाहुण्यासारखा येई तेथे तो कायमचा आला तो रिकाम्या हातांनी. नोकरी करणारे पालक हा विषय आपल्याकडे अलीकडचा आहे, सुशिक्षित मध्यमवर्गातील स्त्री कचेरीत जाऊ लागल्यावर उत्पन्न झालेला आहे, असे समजून पुष्कळ लिहिले जाते. ते मला मान्य नाही. गावची ती बाई दिवसभर शेतात राबत होती, नवरा साच्यावर राबत होता, आणि त्यांच्या मुलांनी दोघांपैकी एकाचा सहवास पुरता गमावलेला होता.

आणि म्हणूनच कोकण रेल्वेकडे मी केवळ सोयीचे वाहन म्हणून पाहू शकत नाही. बॅरिस्टर नाथ पै आणि प्राध्यापक मधु दंडवते या राजापूर मतदारसंघाच्या खासदारांनी ही मागणी संसदेत सातत्याने जागती ठेविली, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, १९९० साली, केंद्र सरकार आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ही राज्ये यांच्या भागीदारीत स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची धुरा आली, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग संपूर्ण खुला झाला. ९१ बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल असलेला हा मार्ग आठ वर्षांच्या आत उभा राहिला. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. रत्नागिरीच्या पुढे पानवल नदीवरचा पूल दरीच्या तळापासून ६४ मीटर उंच आहे. तेथे खालून आधार देत बांधकाम करणे दुष्कर, म्हणून पुलाचा वरचा भाग एका काठावर तुकड्यातुकड्यांनी ओतून, तो यंत्राने ढकलीत ढकलीत खांबांवरून पलीकडे नेला.

कठीण खडकातून बोगदा काढणे हे श्रमाचे काम खरे, पण खडक निदान आपल्या जागी उभा राहतो. खरी कसोटी लागली ती मऊ, पाणथळ मातीत. तेथे सुरुंग लावण्याचा प्रश्नच नव्हता; माणसांनी हाताने माती काढावयाची, छताला तत्काळ आधार द्यावयाचा, आणि पाऊस पडला की काढलेली माती चिखल होऊन पुन्हा आत यावयाची. गोव्यातील पेडण्याचा बोगदा याच कारणामुळे सर्वांत मागे राहिला, आणि उर्वरित मार्ग सिद्ध असूनही मुंबईहून थेट गाडी पलीकडे जाण्यास त्याच्यासाठी थांबावे लागले. या कामी ज्यांनी प्राण वेचले त्यांचे श्रमशक्ती स्मारक रत्नागिरीस आहे. मार्ग तयार झाल्यावरही तो राखावा लागतो, आणि कोकणातील पावसात तो राखणे हे दरसालचे युद्ध असते. पावसाळ्यासाठी गाड्यांचे वेळापत्रक निराळे असते, मुसळधार पावसात पुढचे नीट दिसेनासे झाले की चालकाने वेग ताशी ४० किलोमीटरवर आणावयाचा असतो, आणि दरडी कोसळण्याचा धोका असलेल्या ठिकाणी गस्तीची माणसे रात्रंदिवस रूळ तपाशीत हिंडतात. डोक्यावर इरले किंवा रेनकोट, हातात दिवा आणि खांद्यावर हत्यारे अशी ती आकृती गाडीच्या खिडकीतून क्षणभर दिसते आणि मागे पडते. मुलांना मी ती आवर्जून दाखविते. तिकिटावर त्या माणसाचे नाव नसते, पण आम्ही कुडाळला सुखरूप उतरतो त्यात त्याच्या रात्रीचा वाटा असतो.

दिवसाच्या मांडवी एक्सप्रेसने गणपतीला जाणे मला आवडते ते यासाठीच. रात्रीच्या गाडीने झोपेत पोहोचता येते आणि एक दिवस वाचतो हे खरे. पण त्या वाचलेल्या दिवसात मुलांना कोकण केव्हा सुरू झाले हे कळत नाही. आमच्या घरी एक नियम आहे. पनवेलपर्यंत ज्याला जे पाहावयाचे ते त्याने फोनवर पाहावे, मात्र रोहे मागे पडून गाडी कोकण रेल्वेच्या हद्दीत शिरली की सर्वांचे फोन, मोठ्यांचे धरून, एका कापडी पिशवीत जातात आणि ती पिशवी वरच्या बर्थवर ठेवली जाते. पहिला अर्धा तास मुलगा चुळबुळ करतो. मग तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणीची चटणी निघते, समोरच्या बाकावरच्या आजींशी ओळख होते, त्यांचे गाव आमच्या गावापासून किती कोसांवर हे निघते, आणि खेड-चिपळूणच्या सुमारास बोगद्यांची मालिका सुरू झाली की मुले मोजू लागतात. मोजदाद दरवेळी चुकते, कारण दोन बोगद्यांच्या मधल्या उजेडाला बोगदा संपला म्हणावे की नाही यावर दोघांचे एकमत होत नाही.

करबुड्याच्या बोगद्यात गाडी शिरते तेव्हा काळोख पुष्कळ वेळ टिकतो, चाकांचा आवाज भिंतीवर आपटून दुप्पट होतो, आणि डब्यातील बोलणी आपोआप थांबतात. गेल्या खेपेस माझ्या मुलीने तेवढ्या काळोखात मला विचारले, “आई, हा बोगदा खणला तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं मधोमध बरोबर कशी भेटली?” हा प्रश्न कोणत्याही पदार्थविज्ञानाच्या धड्यापेक्षा मोलाचा होता. मला ठाऊक होते तेवढे मी सांगितले: डोंगरावरून मोजणी कशी करतात, दोन्ही तोंडांशी निश्चित खुणा कशा रोवतात, त्या खुणांवरून दिशा आणि उंची आत कशी नेतात, आणि प्रत्येक टप्प्यावर ती पुन्हा कशी तपाशीत राहतात. उरलेले तिने घरी परतल्यावर फोनवर शोधून काढले आणि मला समजावून सांगितले. यंत्राचा इतका सुंदर उपयोग मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. कुतूहल आधी जागे झाले होते, त्याला वेळ मिळाला होता, आणि मग यंत्र हाती आले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पिशवीचा नियम फोनविषयीच्या रागातून आलेला नाही, हे मुलांनाही आता उमगले आहे.

वेळ कोणाच्या सत्तेचा, यावर मुंबईने एकदा जाहीर भांडणही केले आहे. रेल्वे आणि तारायंत्र यांमुळे सर्व देशाला एकच घड्याळ हवे असे सरकारास वाटू लागले आणि १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली. तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती. कामावर तितके लवकर हजर व्हावे लागणार हे ध्यानी येताच शहरात असंतोष पसरला, सभा झाल्या, आणि मुंबई महापालिकेने तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे आपली जुनी वेळ सोडली नाही. लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त मुंबई टाइमचा की स्टँडर्ड टाइमचा, हे विचारावे लागे, असे जुनी माणसे सांगत. त्या लोकांना कोणी हट्टी म्हणेल. मला त्यांच्या हट्टात एक शहाणपण दिसते: सकाळची ३९ मिनिटे कोणी मागितल्यावाचून नेतो आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आज अशा रीतीने जाणारी मिनिटे ओळखणेही अवघड झाले आहे. पूर्वी कचेरीचे काम कचेरीच्या दाराशी संपे, कारण दप्तर घरी आणता येत नसे. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीस देशातील पहिले मोबाइल संभाषण झाले, तेव्हा ते साधन मंत्र्यांचे आणि धनिकांचे होते; आज ते शिपायापासून सचिवापर्यंत सर्वांच्या खिशात आहे, आणि त्यासोबत दप्तरही खिशात आले आहे. लोकलगाडीच्या महिलांच्या डब्यात मी वर्षानुवर्षे पाहिलेले दृश्य असे: कोणी भाजी निवडते, कोणी वाटाणे सोलते, कोणी मुलाच्या प्रकल्पासाठी चित्रे कातरते, कोणी पोथी वाचते. १९९२ साली चर्चगेट-बोरिवली मार्गावर महिला विशेष गाडी सुरू झाली, तेव्हा नोकरी करणाऱ्या स्त्रीचे अस्तित्व रेल्वेने वेळापत्रकात मान्य केले. अलीकडे त्याच डब्यात सायंकाळी सातनंतर पुष्कळ बायका साहेबांच्या संदेशांना उत्तरे देताना दिसतात. भाजी निवडण्याचा तो तास तिच्या घराच्या खात्यातला होता. तो कोणत्याही आदेशावाचून, कोणत्याही अर्जावाचून कचेरीच्या खात्यात वर्ग झाला आहे.

कायद्याने काय होऊ शकते याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. कामकरी स्त्रीला बाळंतपणात भत्त्यासह विश्रांती मिळावी यासाठी मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात विधेयक आले, तेव्हा १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला. आईला मिळणारी ती विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे आणि तिचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ साली तो कायदा झाला. १९६१ च्या प्रसूतिलाभ अधिनियमाने १२ आठवड्यांची रजा दिली, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवड्यांवर नेली, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय बंधनकारक केली. बापाच्या वाट्याला मात्र फार थोडे आले आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यास १५ दिवसांची पितृत्वरजा आहे आणि खाजगी नोकरीत ती मालकाच्या मर्जीवर आहे. कामाच्या वेळेनंतर फोनला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्याने मान्य केला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी त्याच आशयाचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले, परंतु त्याचा कायदा झालेला नाही. तो व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातील पिशवीचा नियम घरातील माणसांवर चालतो. वरिष्ठांचा फोन त्या पिशवीत टाकण्याची ताकद एकट्या कुटुंबात नसते.

वेळ हाती असला म्हणजे त्याचे काय होते, हे गावी पोहोचल्यावर दिसते. सिंधुदुर्गात गणपतीच्या मूर्तीवर माटवी बांधतात: छताला टांगलेली लाकडी चौकट, आणि तिला नारळ, सुपारीचे घड, आंब्याचे टाळे, कवंडळे, तेरड्याची फुले आणि रानातील कितीतरी वेली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरातील वडील मंडळी मुलांना घेऊन रानात जातात आणि हे सर्व गोळा करून आणतात. माझ्या मुलीच्या फोनमध्ये झाडाच्या पानाचे छायाचित्र काढले की त्याचे नाव सांगणारी सोय आहे, आणि ती नावे पुष्कळदा बरोबर असतात. पण कोणती वेल ओढ्याच्या कोणत्या बाजूस उगवते, कोणते फळ विषारी म्हणून तोडताना हात लगेच धुवावयाचा, आणि चौकटीला प्रथम काय बांधावयाचे, हे आमच्या चुलतसासऱ्यांना ठाऊक. शिडीवर चढून बसलेल्या माझ्या मुलीला ते खालून सांगत होते, “गो चेडवा, आधी नारळ बांधूचो, मगे सुपारी, फुला सगळ्यात शेवटाक.” जड वस्तू आधी बांधल्या नाहीत तर चौकट एका अंगाला कलते आणि फुले चुरगळतात, हे तिला गाठी मारताना आपोआप कळले. दोन दिवस तिने त्यांच्या मागून हिंडून रानातील प्रत्येक वस्तूचे छायाचित्र, तिचे मालवणी नाव आणि ती कोठे मिळते याची टिपणवही केली. त्यांच्या पिढीनंतर हे ज्ञान कोठे राहील ही चिंता मला होती. आता निदान एका वहीत ते उतरू लागले आहे, आणि त्याला हातातले यंत्र कारणी लागले आहे.

सासूबाई आता दररोज सायंकाळी व्हिडिओ कॉलवर असतात. नातवाचा दात पडला ते त्यांनी पाहिले, गोठ्यातील पाडसाला उभे राहताना त्याने पाहिले. ज्या घरात एके काळी मनीऑर्डरीच्या फॉर्मावरील दोन ओळी मास्तरांकडून वाचून घ्याव्या लागत, त्या घरातील आजीला नातवंडांचा चेहरा रोज दिसतो, याहून मोठी देणगी कोणत्या शास्त्राने कोणाला दिली आहे? तरीही त्या बोलण्याच्या शेवटी दरवेळी एकच विचारतात: “कधी येतस?” दिसणे त्यांना पुरत नाही, आणि पुरू नये. मूल आजीच्या घरी चार दिवस राहिले म्हणजे तिच्या बोलीचे हेल, तिच्या हाताची चव, तिच्या देवघरातील क्रम आणि तिच्या दुखण्याच्या वेळा हे सर्व न शिकविता शिकते. तेवढ्यासाठी शरीराने तेथे असावे लागते आणि सलग असावे लागते.

म्हणून माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या आईबापांना एक विनंती आहे, आणि ती व्यवहाराचीच आहे. गणेशचतुर्थी केव्हा आहे हे पंचांगात आणि सरकारी सुट्यांच्या यादीत आगाऊ छापलेले असते. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, आणि कोकणच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात हे आपण सर्वजण जाणतो. ज्या सकाळी आपण तिकिटासाठी संगणकापुढे बसतो, त्याच दिवशी कचेरीत रजेचा लेखी अर्ज द्यावा. त्यात गैरहजेरीत कार्यभार कोणाकडे राहील हे नावानिशी नमूद करावे, आणि प्रवासाच्या काळात फोनवर उपलब्ध नसेन हेही स्वच्छ लिहावे. आणि ज्या अधिकाऱ्यांच्या मेजावर असे अर्ज जातात, त्यांनी ते गाडी सुटण्याच्या आदल्या सायंकाळपर्यंत अडवून न ठेवता त्याच आठवड्यात मंजूर करावेत.